काचेचीही चौकशी करा

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न बॅटरीचा विचारतो. एका चार्जमध्ये किती जाते, बॅटरीत दम किती उरलाय, बदलायची वेळ आलीच तर किती लाख मोजावे लागतील. प्रश्न रास्त आहेत. पण गाडीत एडास असेल, म्हणजे पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, पट्ट्यांच्या आत राहायला मदत करणारी आणि धोका दिसला की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा असेल, तर पुढच्या काचेचीही तेवढीच चौकशी करायला हवी. काच मूळची आहे का? बदलली असेल तर कुठे बदलली? आणि बदलल्यावर कॅमेरा जुळवून घेतल्याचा कागद आहे का? गाडी शोधताना मी पुष्कळांशी बोललो, पण हे विचारायला मला कोणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी रहिमतपूरचा. आल्या-हळदीच्या व्यवहारामुळे साताऱ्याला वरचेवर, कराडला अधूनमधून आणि हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात जाणं होतं. सांगलीची फेरी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. डिझेलचा खर्च पाहता इलेक्ट्रिक गाडी परवडेल हा हिशेब तेव्हा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. नव्या गाडीत एवढी रक्कम अडकवायची नव्हती, म्हणून पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून पहिल्याच मालकाने वापरलेली, कमी चाललेली गाडी घेतली. बॅटरीचा अहवाल चांगला, टायर चांगले, अंगावर ओरखडा नाही.

दोष कळला तो महामार्गावर. सातारा सोडला की शेंद्रे ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम. जुने पांढरे पट्टे अर्धवट खरवडलेले, शेजारी नवे मारलेले, मधेच गाड्या सेवारस्त्यावर वळवलेल्या. अशा जागी कोणत्याही गाडीचा कॅमेरा गोंधळेल. पण जिथे पट्टे स्वच्छ होते तिथेही आमची गाडी डावीकडे सरकायला बघायची, स्टिअरिंगला हलकीशी ओढ लागत राहायची. आणि मग एकदा नागठाण्याच्या पुढे, समोर रस्ता मोकळा असताना, गाडीने करकचून ब्रेक लावला. मागे मालट्रक होता. त्याच्या चालकाने शेवटच्या क्षणी ट्रक बाजूला काढला म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको धडधाकट घरी आलो. त्या अनोळखी चालकाचे उपकार मी विसरणार नाही.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, सेन्सर जरा हळवे असतात. सवय होईल." मागच्या ट्रकला माझ्या सेन्सरची सवय कशी होणार, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. मी गाडी थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने संगणक जोडायच्या आधी काचेच्या खालच्या कोपऱ्यातली खूण वाचली, मग दारांच्या काचांवरच्या खुणा वाचल्या आणि म्हणाला, "काका, पुढची काच नंतर बसवलीय." काच बाहेरच्या दुकानात बदलली होती. आरशामागचा कॅमेरा काढून पुन्हा लावला होता, पण तो जुळवलाच नव्हता.

जुळवणं म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. या यंत्रणेचा मुख्य डोळा, म्हणजे कॅमेरा, पुढच्या काचेला आतून चिकटवलेल्या पट्टीवर बसतो. पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे रडार असतं. दोघं मिळून ठरवतात की समोरची वस्तू आपल्याच लेनमध्ये आहे की शेजारच्या. आता हिशेब करा. कॅमेऱ्याची दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर ५० मीटरवर तो फरक जवळजवळ ८७ सेंटीमीटर होतो. १०० मीटरवर पावणेदोन मीटर, म्हणजे एका गाडीची रुंदी. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्यासमोर उभा दिसतो आणि तो ब्रेक लावतो. उलटही होऊ शकतं: खरोखर समोर असलेलं वाहन त्याला बाजूला दिसतं आणि तो गप्प राहतो. दुसरी चूक जास्त भयंकर आहे, कारण ती वेळ येईपर्यंत कळतच नाही. म्हणून काच बदलली, बंपर काढला, पुढचं ॲलाइनमेंट बदललं की कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवावे लागतात. काही गाड्यांत सपाट जमिनीवर ठरावीक अंतरावर फलक उभा करून, काहींत पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून, काहींत दोन्ही करून. हे काम काच बसवणाऱ्या प्रत्येक दुकानात होत नाही.

काच बदललीय का, ही तपासणी पैसे न मोजता, पंधरा मिनिटांत कोणालाही करता येते. पुढच्या काचेवरचा शिक्का आणि दारांच्या काचांवरचे शिक्के शेजारी ठेवून वाचा. उत्पादकाचं नाव आणि निर्मितीच्या काळाची खूण जुळते का बघा. जुळली नाही तर गाडी वाईट ठरत नाही. गिट्टी उडून काच फुटणं आपल्या रस्त्यांवर रोजचं आहे. फक्त जुळवणीचा कागद मागा, आणि नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. बंपरच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, रंगाची छटा वेगळी पडते का, हेही बघा. बंपरवर दुसऱ्यांदा मारलेला जाड रंग रडारच्या वाटेत येऊ शकतो. पुढे लोखंडी गार्ड लावलेली गाडी तर सोडूनच द्या. अशा गार्डवर कारवाई करायला केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे, आणि रडारसमोर लोखंड उभं करणाऱ्या मालकाने बाकी गाडीची काय काळजी घेतली असेल?

विम्याचा कागद आणखी बोलतो. दावा न करणाऱ्याला मिळणारी सवलत, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० अशी चढते. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीच्या नूतनीकरणात ३५ टक्के दिसायला हवेत. तिथे शून्य असेल तर बहुधा विम्याचा दावा झाला असणार. कशाचा, ते विचारा. काही पॉलिसींत दावा करूनही सवलत टिकवणारं जोड-संरक्षण असतं, त्यामुळे आकडा पूर्ण दिसला तरी काचेवरची खूण वाचायची ती वाचायचीच.

चाचणीची फेरी पुण्यातल्या गर्दीत घेऊ नका. तिथे या यंत्रणेचा कस लागत नाही. अनेक गाड्यांत लेन राखण्याची मदत ताशी ६० किलोमीटरच्या आसपास सुरू होते. विक्रेत्याला सांगून गाडी स्पष्ट पट्ट्यांच्या चौपदरी रस्त्यावर न्या. हात स्टिअरिंगवर ठेवूनच बघा की सरळ रस्त्यावर ती पट्ट्यांच्या मध्ये राहते की एका बाजूला झुकते. समोरच्या वाहनाशी अंतर राखताना ती हळूहळू वेग कमी करते की धक्के देते. आपोआप ब्रेक लागतो का, हे माणूस किंवा दुसरी गाडी समोर उभी करून कधीही तपासू नका. ते काम सर्व्हिस सेंटरच्या संगणकाचं. तिथून साठलेल्या बिघाडांची यादी काढून मिळते.

आता आपल्या रस्त्यांबद्दल. सध्या आपल्याकडे या गाड्यांत जी यंत्रणा मिळते ती बहुतेक लेव्हल २ ची. शून्य ते पाच या पायऱ्यांतली ही दोन क्रमांकाची, आणि तिच्यात गाडीची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते. ऊस सुरू झाला की रहिमतपूर ते मसूर रस्त्यावर काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली मोळी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटेच्या अंधारात बैलगाड्यांची रांग. कडेला पट्टा नाही, साइडपट्टी खचलेली, मधेच शेळ्यांचा कळप. उभी वाहनं, जनावरं, बैलगाड्या ओळखता येतीलच असं नाही, हे गाड्यांच्या माहितीपुस्तकांतच लिहिलेलं असतं. ते पान विकत घेण्यापूर्वी वाचा. मी गावरस्त्यांवर लेनची मदत बंद ठेवतो आणि महामार्गावर चालू करतो. काही गाड्यांत ती प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की आपोआप चालू होते, म्हणून बंद करायचं बटण कुठे आहे ते घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना दाखवून ठेवलंय. आपोआप ब्रेक मात्र मी बंद करत नाही. जुळवलेला असेल तर तो एखाद्या दुचाकीवाल्याचा जीव वाचवू शकतो. जुळवणी झाल्यापासून माझी गाडी सरळ चालते, आणि पेठ नाक्यावरून सांगलीला जाताना या यंत्रणेने थकवा खरोखर कमी केलाय. यंत्रणेवर माझा राग नाही. ती आंधळी करून विकणाऱ्यावर आहे.

बॅटरीबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातं, म्हणून मी फक्त दुसऱ्या मालकाला लागू होणारं सांगतो. आपल्याकडे बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, पण जाहिरातीतली 'आजीवन' हमी पहिल्या मालकाची असते. महिंद्राच्या २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या गाड्यांवर पहिल्या खाजगी मालकाला आजीवन हमी, तर गाडी हातबदल झाली की १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. तेही चांगलंच आहे, पण आजीवन समजून जास्त पैसे देऊ नका. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेसह. तेव्हा दर किलोमीटरला साडेतीन रुपये. अशी गाडी जुनी घेताना बॅटरीच्या भाड्याचं देणं कोणाचं आणि किती बाकी, याचा लेखी खुलासा हवा. बॅटरीचं आरोग्य किती टक्के, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या अहवालात बघा. विक्रेत्याच्या मोबाइलवरचा फोटो पुरेसा नाही.

घरचा हिशेबही आधी करा. ७.२ किलोवॉटचा चार्जर एकटा ३० अँपिअरच्या वर ओढतो. महावितरणकडे मंजूर भार तेवढा आहे का ते बिलावर बघा, आणि नसेल तर अर्ज गाडी दारात यायच्या आधी द्या. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने चाळीस युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला बारा तासांच्या वर लागतात. रोज साताऱ्यापर्यंत जाणाऱ्याला तेवढं पुरतं. अर्थिंग मात्र नवं करून घ्या. जुन्या वाड्यांत ते नावालाच असतं, आणि अर्थिंग नसलं की गाडी चार्ज व्हायलाच नकार देते. आमच्याकडे वायरमनने परसात खड्डा घेऊन ते काम केलं तेव्हा कळलं की फ्रीजचा झटका का बसायचा.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, हे सगळे करतात. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. विक्रेत्याने जीएसटीचं नाव काढलं तर लक्षात ठेवा: २०२५ च्या जानेवारीपासून जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरचा १८ टक्के कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही, आणि दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात तो नाहीच. शेवटचं काम मोबाइलमधलं. या गाड्या ॲपला जोडलेल्या असतात. जुन्या मालकाच्या फोनमध्ये गाडी राहिली तर ती कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं, काही गाड्यांत दारही तिथून उघडता येतं. त्याच्या फोनमधून गाडी काढल्याचं आणि तुमच्या फोनमध्ये जोडल्याचं समोर बसून बघा. फास्टॅगही त्याच बैठकीत बदला, आणि उरलेली रक्कम त्यानंतर द्या.