एसएसच्या शाफ्टला खड्डे का पडतात?



१ जूनपासून बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर उभे असतात. बंदी संपली की सोसायटीत ठरलेली तक्रार येते: "शाफ्ट एसएसचा घेतला, पैसे मोजले, तरी बुशच्या जागी खड्डे पडले. दुकानदाराने फसवलं." कधी फसवलेलं असतंही. पण माल चांगला असूनही असं होतं, म्हणून हे लिहितो आहोत.

स्टेनलेस स्टील हा एकच धातू नव्हे. लोखंडात क्रोमियम, निकेल वगैरे मिसळलेले असतात. क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पापुद्रा धरतं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग, एवढीच त्याची जाडी! ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. पण त्याला ऑक्सिजन लागतो.

मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा फोडतं. बोट चालू असते तेव्हा ताजं पाणी फिरतं आणि तो भरून निघतो. उभ्या बोटीत बुशच्या आत, वॉशरखाली, चिकटलेल्या शिंपल्यांखाली, शाफ्टला गुंडाळलेल्या जाळ्याच्या तुकड्याखाली पाणी अडकतं. तिथला ऑक्सिजन संपतो, बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं आणि ते पाणी अ‍ॅसिडसारखं होतं. पावसात नदीचं पाणी गोडं होतं म्हणून निर्धास्त राहू नका, फटीतलं पाणी वेगळंच असतं. वरून तांबूस ठिपका दिसतो, खाली खड्डा खोल गेलेला असतो. अशा खड्ड्यापासूनच शाफ्टला चीर जाते. आणि मोडतो तो जोर लागल्यावर, म्हणजे जेटीवर नाही, भर समुद्रात.

आता मालाचं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, क्लोराइडसमोर तेच कामाला येतं. आमचं मत स्पष्ट आहे, पाण्याखाली ३०४ नको. फटीत ३१६ लाही खड्डे पडतात, पण उशिरा. २२०५ डुप्लेक्स त्याहून बरं, परवडत असेल तर. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० नंबरातलं स्टीलही एसएस म्हणूनच विकतात, त्यापासून जपा. चुंबक लावून ३०४ की ३१६ ते कळत नाही, आणि डुप्लेक्सला तर चुंबक चिकटतोच. बिलावर ग्रेड लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

वेल्डिंगनंतर जो निळा-काळा डाग राहतो तिथे पापुद्रा कमजोर असतो. तो वर्कशॉपमध्येच साफ करून घ्या. त्याची पेस्ट जहाल अ‍ॅसिडची असते, घरी हात लावू नका. लोखंडी ब्रशने तर मुळीच घासू नका, लोखंडाचे कण राहतात आणि तिथेच गंज धरतो.

पाण्याखाली पितळी बोल्ट असतील तर खरवडून बघा. आत गुलाबी दिसलं तर जस्त निघून गेलंय, बोल्ट बदला. बुडाचे जस्ताचे तुकडे अर्धे झिजले की नवे लावा. त्यांच्यावर रंग मारू नका, रंगाखाली ते काम करत नाहीत.

बोट वर ओढणार असाल तर शाफ्ट काढून बुशची जागा बघा, ठिपक्यात सुई घालून खोली पाहा. पाण्यातच ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा दोर नीट बांधून शाफ्ट थोडा वेळ फिरवा, म्हणजे बुशमधलं पाणी बदलेल.