वर्गाचा ग्रुप अभ्यासाच्या कामी कसा आणावा?

प्रश्न : मी आठवीला शिकवते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभेच्छांच्या गर्दीत गृहपाठाची सूचना हरवते. मुलांकडून गटात काम करून घ्यायचे, तर काय वापरावे?
— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : सूचना, गृहपाठ आणि गटकाम यांच्या जागा आधी वेगळ्या करा.

सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप वापरा. तिथे सूचना फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतात आणि पालकांचे नंबर इतर पालकांना दिसत नाहीत.

गृहपाठ गूगल क्लासरूमवर द्या. मुदत समोर राहते आणि शेरा खासगी टिप्पणीत देता येतो. चूक चारचौघांत उघडी पडत नाही, तेव्हा लाजरे मूलही विचारते.

गटकामाला गूगल डॉक्स उत्तम. विषय मात्र मुलांच्या जवळचा हवा. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२३ मध्ये तुमच्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, वस्त्यांत पाणी शिरले. एका गटाने शेजाऱ्यांच्या आठवणी लिहाव्यात, दुसऱ्याने नदीचा नकाशा काढावा, तिसऱ्याने पुराची कारणे शोधावीत. मुले आपापल्या खात्यातून लिहीत असतील, तर कोणी काय लिहिले ते ‘आवृत्ती इतिहासा’त दिसते. त्यामुळे एकाच हुशार मुलावर सगळा भार पडत नाही.

ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तोही वडिलांसोबत कामावर जातो, त्यांना विसरू नका. त्यांच्यासाठी शाळेच्या संगणक कक्षात तासिका राखून ठेवा आणि प्रत्येक सूचना फळ्यावरही लिहा. एकही मूल मागे राहणार नाही, अशीच व्यवस्था निवडा.