नोकरदार भगिनींचा शर्ट आणि बालपणीची व्यंगचित्रे

आमचे सारे आयुष्य धान्याच्या पेढीवर गेले; कापडाचे ज्ञान आम्हांस आहे असा आमचा दावा नाही. परंतु आमच्या धाकट्या सूनबाईंनी कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांसाठी शर्ट शिवून विकण्याचा उद्योग आरंभिला, त्यात आम्ही भांडवल घातले, आणि ठेच लागून जे शिकलो ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

त्यांची कल्पना अशी की, शर्टावर बालपणीच्या व्यंगचित्रांची आठवण असावी. १९९१ साली 'सकाळ' दैनिकात चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही चित्रमाला सुरू झाली. ती वाचणारी तेव्हाची मुले आज चाळिशीच्या आसपास असून कचेऱ्यांतून जबाबदारीची कामे करीत आहेत. अशा ग्राहकास आठवण हवी असते, पण पोरकटपणा नको असतो.

पहिला धडा बेतण्याचा. पुरुषांचा शर्ट लहान केला म्हणजे स्त्रियांचा होत नाही. छातीस व कमरेस टक घालून आकार द्यावा लागतो; छातीच्या उंचवट्यावर नेमके एक बटण यावे लागते, नाहीतर पट्टी उघडी पडते. काजे रूढीने उजव्या पट्टीवर असतात.

दुसरा धडा चित्राच्या जागेचा. पाठभर मोठे चित्र छापलेला शर्ट घालून बैठकीस बसणे कोणासही अवघड वाटेल. तेच कॉलरच्या आतील पट्टीवर अगर कफच्या आत ठेवले, तर बाही दुमडताच दिसते व घालणारीस मनातून हसू येते. कित्येकदा चित्राचीही गरज नसते. मिकी माऊस म्हटले की लाल विजार, तिच्यावरील दोन मोठी पांढरी बटणे व पिवळे बूट आठवतात. काळ्या शर्टास पांढरी बटणे, पिवळ्या दोऱ्याची काजे व आतून लाल पट्टी, एवढ्याने काम भागते.

येथे हिशेबही पाहावा. स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगास निराळी चौकट लागते, म्हणून रंग वाढले की खर्च वाढतो. आणि सर्व चित्रांची डोकी एकाच दिशेस असली, तर शर्टाचे सर्व तुकडे त्याच दिशेने कापावे लागून कापडाची घट वाढते. उलटसुलट मांडलेली बारीक नक्षी किफायतीची पडते.

तिसरा धडा आम्हांस महाग पडला. एका व्यापाऱ्याकडून आम्ही मिकीच्या छापाचे ६० मीटर कापड स्वस्तात घेतले. १९२८ च्या 'स्टीमबोट विली' या बोलपटाचा हक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला, सबब चित्र आता सर्वांस मोकळे, असे त्याने सांगितले. ते अर्धसत्य निघाले. मोकळे झाले ते त्या कृष्णधवल बोलपटातील रूप, आणि तेही अमेरिकेच्या कायद्याने. नंतरची कित्येक रूपे व व्यापारचिन्हाचे हक्क कंपनीकडेच आहेत. आमच्या कापडावरील चित्र तर पुष्कळ नंतरचे, रंगीत होते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्राचा हक्क सामान्यतः चित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. परवान्याचा कागद मागितला, तेव्हा व्यापारी निरुत्तर झाला. २४ शर्टांची आगाऊ रक्कम सूनबाईंनी ग्राहकांस परत केली. कापड आजही आमच्या वखारीत पोत्यांशेजारी पडून आहे.

पोत्यातील नमुना हातावर घेतल्यावाचून आम्ही कधी भाव बोललो नाही. पण येथे कागद पाहिल्यावाचून पैसे मोजले. दोष कापडाचा नव्हता, आमचा होता. आता सूनबाई एका तरुण चित्रकर्तीकडून नवी चित्रे काढवून घेतात व तिच्याशी लेखी करार करून तिला मोबदला देतात. माल थोडा निघतो, पण निर्धास्तपणे विकला जातो. ज्यांच्या घरी लेकीसुना असा उद्योग मांडू पाहत असतील, त्यांनी भांडवल देण्याआधी एवढा कागद अवश्य पाहावा, ही विनंती.