थंडीतली वायर

एडमंटन

चि. ओंकार,

विनिपेगला घर मिळालं, जुनी का होईना गाडीही घेतलीस, बरं वाटलं. गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारा तीन पिनांचा प्लग कशाचा, असं विचारलंस. तो ब्लॉक हीटरचा. उणे 30 मध्ये इंजिन सुरू व्हायला हवं असेल तर त्याला वीज द्यायची. रात्रभर नव्हे, निघण्याआधी दोन-चार तास पुरतात. बाहेर चालणारा टायमर लाव, बिल वाचेल.

आता त्यासाठीची एक्स्टेन्शन. घरात टीव्हीमागे लावलीस ती बाहेर नेऊ नकोस. साध्या पीव्हीसीचं आवरण कडाक्याच्या थंडीत सळईसारखं ताठ होतं. वेटोळं सोडायला गेलं की तडकतं, आणि त्या फटीतून बर्फाचं पाणी आत शिरतं. म्हणून दुकानात वायरच्या अंगावरची अक्षरं वाच. शेवटी 'डब्ल्यू' असेल तर ती बाहेर वापरायची. मध्ये 'टी' असेल तर आवरण प्लास्टिकचं, 'ई' असेल तर रबरासारखं लवचीक. 'ई'वाली महाग पडते, पण तीच घे. 'टी'मध्येही थंडीसाठी मुद्दाम बनवलेल्या मिळतात, तेव्हा पाकिटावर उणे 40 किंवा उणे 50 छापलंय का ते बघच. सीएसएची, म्हणजे इथल्या मानक संस्थेची, खूण नसेल तर हातही लावू नकोस.

जाडीच्या बाबतीत आपल्याकडची सवय इथे फसवते. पुण्यात आपण दीड, अडीच स्क्वेअर एमएम म्हणतो; आकडा मोठा तशी वायर जाड. इथे गेज चालतं आणि ते उलटं: 16 बारीक, 14 जाड, 12 त्याहून जाड. शिवाय इथला दाब 120 व्होल्ट. हजार वॅटला आपल्याकडे सव्वाचार अँपियर लागतात, इथे सव्वाआठ. बारीक वायर म्हणूनच इथे लवकर तापते, आणि लांब असेल तर दाबही जास्त पडतो. तुझ्या हीटरला 16 गेजही चालेल बहुधा, पण उद्या बॅटरीचा हीटरही जोडशील. 14 गेज घे, 25 फूट पोचत असेल तर 50 कशाला? आणि दोन वायरी एकीला एक जोडून लांबी वाढवायची नाही.

रंग भडक, पिवळा नाहीतर केशरी. बर्फ उपसताना फावड्याखाली काळी वायर दिसत नाही. जोड जमिनीवर न ठेवता उंच टांग. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नकोस. भिंतीतला सॉकेट जीएफसीआयचा, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा, आहे ना, घरमालकाला विचार. आणि सकाळी निघताना आधी प्लग काढ. वायर फरफटत निघालेल्या गाड्या इथे दर हिवाळ्यात दिसतात.

हीटर किती वॅटचा ते गाडीच्या पुस्तकात बघून मला कळव, मगच दुकानात जा.

तुझा,
अविनाशकाका