लोणच्याला वकील कधी लागतो?

घरची लोणची-मसाले विकायला काढले की पहिला फोन वकिलाला किंवा एजंटाला जातो. तो जाऊ नये. छोट्या व्यवसायाच्या एफएसएसएआय नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये. फॉसकॉस पोर्टलवरचा हा अर्ज घरातलं कॉलेजात जाणारं पोरसुद्धा भरून देईल.

नावाचं मात्र वेगळं. ट्रेडमार्कला मसाला वर्ग ३० मध्ये येतो, लोणचं वर्ग २९ मध्ये आणि खाणावळ वर्ग ४३ मध्ये. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, मोठ्या कंपनीला ९,०००. म्हणजे लोणचं आणि मसाला दोन्ही धरले तर तुमचेही ९,००० झाले. जे जास्त खपतं, त्याच वर्गापासून सुरुवात करा. आक्षेप आला तर उत्तराला ३० दिवस असतात. तिथे वकिलाची फी वसूल होते. (‘अस्सल घरगुती’ असल्या नावावर हक्क मागायला गेलात, तर आक्षेप येणारच.)

खरी गरज नमुना उचलला जातो त्या दिवशी. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो आणि त्याची किंमतही चुकती करतो. संकोच न करता घ्या. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तिथल्या तिथे लेखी करा. तपासणीचा खर्च तुमचा, पण दोन अहवाल जुळले नाहीत तर नमुना रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निकाल अंतिम. सरकारी अहवाल विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस. बहुतेक जण सुनावणीची नोटीस आल्यावर वकील शोधतात, तोवर ही मुदत उलटलेली असते. कमी दर्जाच्या मालाला दंड ५ लाखांपर्यंत आणि सदोष लेबलला ३ लाखांपर्यंत होऊ शकतो. पहिलीच किरकोळ लेबलचूक असेल, तर दुरुस्त लेबल घेऊन स्वतः हजर राहिलात तरी चालतं.

वकिलांना जाहिरातीची मनाई आहे, त्यामुळे दरपत्रक कुठे टांगलेलं दिसणार नाही. वकीलपत्रावर सही करण्याआधीच विचारा: फी तारखेमागे की पूर्ण प्रकरणाची? कारकून, झेरॉक्स, प्रवास त्यात धरलाय का? ‘दंड वाचवला तर इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तो कुणी पुढे केला, तर दुसरा वकील बघा.