पडद्यावरचे रंग : २१६ ची अट आता कशाला?

गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी आमच्याकडून कोशाची साडी मागवली. आठवड्यात पार्सल परत आले. "मोबाईलवर सोनेरी दिसली, हाती आली ती मातकट," असे त्यांचे म्हणणे. जाण्या-येण्याचा खर्च आमच्या माथी बसला. तेव्हा हा विषय आम्ही नीट समजून घेतला. तोच व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडीत आहोत.

१९९० च्या दशकात पुष्कळ संगणकांचे पडदे एका वेळी २५६ रंगच दाखवीत. त्यांतले काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले असत; २१६ रंग 'सुरक्षित' मानले जात. हिशोब सोपा आहे. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनी बनतो. प्रत्येकाचे माप ० ते २५५. सुरक्षित रंगांत प्रत्येकाच्या सहाच पायऱ्या : ०, ५१, १०२, १५३, २०४, २५५. सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६.

गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पोसला जातो. नागभीडच्या करवती साडीची शान त्याच्या नैसर्गिक रंगात आहे. समजा, ती छटा लाल २१०, हिरवा १८०, निळा १४० अशी आहे. जवळच्या पायऱ्यांवर बसवली की ती २०४, २०४, १५३ होते. मधाचा रंग जातो, हिरवट झाक येते.

आजचा साधा मोबाईलही एक कोटी ६७ लाखांवर रंग दाखवतो. म्हणून संकेतस्थळ बनविणाऱ्याने २१६ ची अट पाळण्याचे कारण उरलेले नाही. मात्र अट गेली तरी शिस्त हवीच :

१) अक्षर व मागचा रंग यांत ठळक फरक ठेवावा. आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा आहे. पिवळ्यावर पांढरे अक्षर उन्हात वाचताच येत नाही.

२) काहींना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. 'माल शिल्लक', 'माल संपला' हे नुसत्या रंगाने न दाखवता शब्दांत लिहावे.

३) फोटो दिवसा, सावलीतल्या उजेडात काढावा. शेजारी पांढरा कागद ठेवावा. कागद पिवळा दिसला तर कापडाचा रंगही खोटाच उतरला समजावे.

आमची चूक तिसरी. फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढला होता. दोष पडद्याचा नव्हता.

दुकानात आलेले गिऱ्हाईक कापड दारापाशी नेऊन उजेडात पाहते. दूरच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. ती आपणच करून दिली पाहिजे.