शरद ऋतूत पाहुणे आलेले वृद्ध माता-पिता : आहार, विहार व वैद्याचे कर्तव्य

झरी हे परभणी–जिंतूर मार्गावरील गाव. नोकरी वा व्यवसायानिमित्त अशा गावी स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास वृद्ध आई-वडील पाहुणे म्हणून येतात. मुले-सुना त्यांना प्रेमाने खाऊ-पिऊ घालतात व आसपासची स्थळे दाखवितात. या आनंदाच्या दिवसांतच पित्त उसळणे, अतिसार, चक्कर, निद्रानाश अशा तक्रारींसाठी ही मंडळी वैद्याकडे वा औषधी दुकानात येतात. म्हणून शरद ऋतुचर्येचा या विशिष्ट प्रसंगी उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रविचार

आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे मास. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदातील प्रखर सूर्यकिरणांनी प्रकुपित होते, हे चरक व वाग्भट या दोन्ही आचार्यांना मान्य आहे. मधुर, तिक्त, कषाय रसांचा लघु आहार व भूक लागल्यावर मात्रेत भोजन हा त्यावरील उपाय. दही, क्षार, तेल, वसा, ऊन, दव, पोटभर तृप्तीपर्यंत खाणे व दिवास्वाप ही वर्ज्ये होत.

परंतु वृद्धावस्था ही वाताची अवस्था आहे. तरुण पित्तरुग्णाला सांगितलेला रूक्ष-तिक्त आहार वृद्धास जसाच्या तसा सांगितल्यास मलावष्टंभ, अनिद्रा व संधिशूल वाढण्याचा संभव असतो. ऋतूचे पित्त व वयाचा वात या दोहोंना हितकर असे जे समान आहे, ते निवडणे हेच येथे चिकित्सकाचे कौशल्य. साजूक तूप, दूध, मूग, जुने तांदूळ, पडवळ, दुधी भोपळा व आवळा ही द्रव्ये या कसोटीस उतरतात. कारले द्यावयाचे तर तुपावर परतून, अल्प मात्रेत द्यावे.

ओकसात्म्याचा विचार

कोकणातून येणारे पाहुणे भाताचे सात्म्य असलेले असतात. त्यांना पहिल्याच दिवशी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, झणझणीत ठेचा व दही वाढणे हे आतिथ्य असले तरी पथ्य नव्हे. ज्वारी शीत, लघु व रूक्ष असल्याने तुपासह ती शरदात चांगली ठरते. मात्र सवयीच्या आहारातून नव्या आहाराकडे जाताना पादांशक्रम पाळावा. पहिले काही दिवस भात व मुगाचे वरण मुख्य ठेवून पाव भाकरी द्यावी व ती क्रमाने वाढवावी. सात्म्य नसणाऱ्यास तिखटाऐवजी जिरे-कोथिंबिरीची चटणी द्यावी.

खरिपाचे नवे मूग व नवी ज्वारी याच काळात घरात येते. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी असल्याने वृद्धांसाठी जुने धान्य वेगळे ठेवण्यास सांगावे. अंबाडीची भाजी रुचकर खरी, पण आम्ल असल्याने ज्यांना आंबट ढेकर व छातीत जळजळ आहे त्यांनी टाळावी. सीताफळ मधुर व शीत असले तरी गुरू आहे. मंदाग्नी व मधुमेही रुग्णांस त्याची मर्यादा स्पष्ट सांगावी. हुरड्याचा आग्रह काही पाहुणे दिवाळीतच धरतात. पण रब्बी ज्वारीचा हुरडा हेमंतात येतो, आणि त्या वेळी अग्नीही बलवान असतो.

फराळाबाबत सरसकट निषेध निष्फळ ठरतो. चकली-चिवडा सकाळी भूक असताना अल्प घ्यावा, त्यावर लगेच पूर्ण जेवण घेऊ नये व रात्री तळीव पदार्थ टाळावेत, एवढे सांगितल्यास लोक पाळतात.

सहली व विहार

शरदातील सहलीचे उत्तम रूप आपल्या परंपरेत आहेच. ते म्हणजे कार्तिक शुद्ध पक्षातील आवळी भोजन. गावाजवळच्या मळ्यात आवळ्याच्या सावलीत घरचे ताजे अन्न, अल्प प्रवास व सर्व पिढ्यांचा सहवास हे सर्व त्यात साधते. वृद्धांस दूरच्या सहलीपेक्षा हे अधिक मानवते.

जिंतूरजवळील नेमगिरीच्या जैन गुंफांत काही दारे ठेंगणी असल्याने वाकून जावे लागते; गुडघे, कंबर वा चक्करेचा त्रास असणाऱ्यांनी आत जाण्याचा हट्ट धरू नये. चारठाण्याची प्राचीन मंदिरे व पूर्णा नदीवरील येलदरी धरण पाहावयाचे तर सकाळी लवकर निघून माध्याह्नापूर्वी सावलीत यावे. ऑक्टोबरमधील दुपारचे ऊन मराठवाड्यात कडक असते. लघवी वाढविणारी औषधे चालू असणाऱ्यांस त्यात चक्कर येण्याचा विशेष धोका असतो.

कोजागरीचे चांदणे प्रदोषकाळी सेवन करावे, असे शास्त्र सांगते. मध्यरात्रीचे दव मात्र वर्ज्य आहे. भरपेट जेवणावर रात्री बारा वाजता आटीव दूध देण्यापेक्षा हलके जेवण लवकर घेऊन थोडे दूध द्यावे. दिवास्वाप एरवी निषिद्ध असला तरी वृद्ध व प्रवासाने थकलेले यांना आचार्यांनी सवलत दिली आहे. आरामखुर्चीत बसून थोडी डुलकी घेणे त्यांना पुरते.

हंसोदकाचे वर्णन वाचून नदीचे पाणी थेट पिण्यास योग्य समजू नये. पाहुण्यांस उकळून गार केलेले पाणीच द्यावे व सहलीत तेच बरोबर न्यावे.

वैद्य व औषधी दुकानदारांसाठी दक्षता

१) छातीत जळजळ हे प्रत्येक वेळी पित्त नसते. वृद्ध पाहुण्यास छातीत दाब, घाम, धाप, अथवा जबडा व डाव्या हाताकडे जाणारी वेदना असेल, तर चूर्णाची पुडी देऊन घरी पाठवू नये. तत्काळ परभणीसारख्या ठिकाणी सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. मधुमेही रुग्णांत वेदना नसतानाही हृदयविकार असू शकतो. येथे गेलेला एक तास परत मिळत नाही.

२) मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांचे जेवण सहलीत लांबल्यास रक्तशर्करा घसरते. कंप, घाम व गोंधळलेपणा दिसताच, शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

३) शरदात विरेचन सांगितले आहे म्हणून वृद्धास दुकानातून तीव्र रेचक देऊ नये. बल, अग्नी व कोष्ठ पाहून वैद्यानेच निर्णय घ्यावा. तिक्तघृतासही हाच नियम.

४) च्यवनप्राश मागणाऱ्यास मधुमेह आहे का, हे विचारल्याखेरीज देऊ नये.

५) गावाहून आणलेल्या नेहमीच्या औषधांची यादी पाहावी. औषधे संपली असल्यास ती प्रथम मिळवून द्यावीत. आपल्या काढ्यासाठी ती बंद करू नयेत.

सारांश

वृद्ध पाहुण्यांच्या आनंदात वैद्याने विघ्न आणू नये, तर तो आनंद निर्धोक करावा. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ‘आई-वडील येणार आहेत का?’ एवढे विचारावे व वरील सूचना एका कागदावर सुवाच्य मराठीत लिहून द्याव्यात. ऋतुचर्या ग्रंथातून घरात जाण्याचा हा सुलभ मार्ग होय.